पुऱ्या आमच्या, अहवाल बाईंचा

डॉ. कुमुदिनी आरोलकर यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांचा फोन आला, तेव्हा मी आधी खात्री करून घेतली की त्यांनी चुकीचा नंबर तर फिरवला नाही ना. या ग्रंथात बाईंचे सहकारी लिहिणार, विद्यार्थी लिहिणार, देशोदेशीचे अभ्यासक लिहिणार. मी पडले दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी. वन्यजीव पर्यटन आणि लोकसहभागातून संवर्धन हा बाईंचा विषय. त्यात माझी कामगिरी एकच. त्यांची पहिली मोठी योजना मी जवळजवळ बुडवली होती. हे मी संपादकांना प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, मग तेच लिहा.

बाईंची नि माझी पहिली भेट कुवेतमधल्या हवल्लीतल्या आमच्या दवाखान्यात झाली. नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. मी अबू हलीफाहून रोज बसने यायचे. एप्रिलच्या सुरुवातीला एक सडपातळ, सुती साडीतल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बाई तापाच्या तपासणीसाठी आल्या. कागदावर आरोलकर नाव वाचून मी मराठीत बोलायला लागले. त्यांची शीर सापडत नव्हती म्हणून मी घामाघूम झाले होते आणि त्या मात्र माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत होत्या. एसीच्या बाहेरच्या पेटीवर होल्याने घरट्याच्या काड्या रचल्या होत्या. अंगात ताप असताना या बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की या खोलीत कोण कोण बसतं आणि किती वेळ.

पुढच्या दोन दिवसांत त्या दोनदा येऊन गेल्या. आधी आमच्या सफाईवाल्या मावशींशी बोलल्या, मग माझ्याशी, मग नोंदणीच्या खिडकीवरच्या केरळी मुलीशी. एसी बंद ठेवून टेबल समोरच्या खोलीत हलवलं तर कुणाची किती गैरसोय होईल याची त्यांनी बारकाईने चौकशी केली. आम्हां तिघींचं एकमत झाल्यावर त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. तोवर डॉक्टरांना फक्त मान हलवायची बाकी होती. तीन आठवडे तो एसी बंद राहिला आणि दोन पिल्लं उडून गेली. ज्याला त्रास होणार त्याला आधी विचारायचं आणि ज्याच्या हातात सही आहे त्याला शेवटी, ही बाईंची काम करायची रीत मी त्या दिवसांत पाहिली. पुढे तीच रीत मी जहऱ्याच्या पाणथळ जागेवर पाहिली आणि विद्यापीठाच्या समितीसमोरही पाहिली.

कोकणातल्या कॉलेजात अनेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवून बाई इथल्या विद्यापीठात करारावर आल्या होत्या. त्या एकट्या होत्या. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या यादीत तेव्हा दोनच रकाने होते, फॅमिली आणि बॅचलर. बाईंना कुठे घालायचं यावर कार्यकारिणीत म्हणे बरीच चर्चा झाली. शेवटी बाईंनीच पेन घेऊन तिसरा रकाना आखला आणि त्यात स्वतःचं नाव लिहिलं. आज त्या रकान्यात बरीच नावं आहेत.

त्यांचा विषय ऐकून आमचे लोक हसायचे. पेट्रोकेमिकलमधले एक इंजिनिअर गृहस्थ तर त्यांना तोंडावर म्हणाले होते की बाई, इथे वन कुठे आणि जीव कुठला? बाईंनी वाद घातला नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांना आपल्या जुन्या गाडीत घालून जहऱ्याला नेलं. गावाच्या पलीकडे खाडीच्या कडेला शुद्ध केलेलं सांडपाणी साठतं, त्यावर बोरूचं उंच गवत माजलंय आणि पुढच्या चिखलात थंडीभर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. परत येताना ते गृहस्थ वाटभर गप्प होते. त्यांना ओळखणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण ते पाणी पाहायला जाणारे आम्ही पहिले नव्हतो. जहऱ्याचे अबू मिशारी लहानपणापासून तिथे बंदूक घेऊन जात. त्यांच्या बरोबरीचे आणखी आठ-दहा जण होते. बाईंना त्यांच्या दिवाणियेत, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, जागा नव्हती. त्यांनी ती मागितलीही नाही. दोन हिवाळे त्या अबू मिशारींच्या घरी आतल्या बाजूला त्यांच्या पत्नी उम मिशारींपाशी बसल्या. कोणत्या वाऱ्याला कोणते पक्षी उतरतात हे त्या बाईला नवऱ्याइतकंच ठाऊक होतं. बाई ते वहीत लिहून घ्यायच्या. शिकार बंद करा असं त्यांनी त्या घरात एकदाही म्हटलं नाही. त्या फक्त विचारायच्या, की मागच्या वर्षी किती आले होते आणि यंदा किती. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी अबू मिशारींनी स्वतःच बंदूक कपाटात ठेवली आणि मुलांनाही ठेवायला लावली. बाईंच्या पहिल्या निबंधात माहिती देणाऱ्यांत उम मिशारींचं पूर्ण नाव छापलेलं आहे. त्या घरात तो अंक काचेच्या कपाटात आहे, मी पाहिलाय.

मग विद्यापीठाने बाईंची योजना एका वर्षासाठी मंजूर केली. बोरूच्या कडेने एक पायवाट, बसून पाहायला एक आडोसा, दर शुक्रवारी पाहुण्यांची एक तुकडी, आणि वाट दाखवायला अबू मिशारी व त्यांची मुलं. कालपर्यंत नेम धरणारे आता दुर्बीण हातात देणार होते. मेअखेर समिती बसून पाहुण्यांची वही तपासणार होती. वही भरलेली असेल तर योजना पुढे जाणार आणि तिच्याबरोबर बाईंचा करारही. नाहीतर करार संपणार आणि इकामाही, म्हणजे इथे राहायचा परवानाही. आमच्यापैकी बहुतेक जणी नवऱ्याच्या व्हिसावर निर्धास्त होतो. बाईंना तसा आधार नव्हता. कोकणातली नोकरी सोडलेली, वय पन्नास. सहा वर्षांचं काम इथे सोडून परत जावं लागलं असतं.

पहिली मोठी तुकडी आमच्या मंडळाची. पाडव्याच्या आसपासचा शुक्रवार, दोन बस भरून माणसं, आणि खाद्यसमितीची प्रमुख मी. बाईंनी सूचना दिल्या होत्या: भडक कपडे नकोत, वाटेवरून उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, प्लास्टिक टाकायचं नाही. आम्ही त्या अक्षरशः पाळल्या. पुऱ्या-भाजीसुद्धा कुजबुजत खाल्ली. माझा अंदाज नेहमीप्रमाणे चुकला आणि डबाभर पुऱ्या उरल्या. आता अन्न कचऱ्यात टाकायचं कसं? मुक्या जिवांच्या तोंडी लागलं तर बरं, असं म्हणून मी त्या पुऱ्यांचे बारीक तुकडे केले आणि बोरूच्या कडेला नीट पसरून ठेवले. चार जणींनी हात लावला. एकीने वरून पाण्याचा हातही फिरवला. बाई तेव्हा पुढच्या तुकडीला आडोशात घेऊन गेल्या होत्या.

ही गोष्ट मंडळात फार आवडली. कुवेतमध्ये शिळी पोळी द्यायला गाय कुठून आणणार? इथे आयती सोय झाली. पुढच्या शुक्रवारी जो तो पिशवीत पोळ्या घेऊन निघाला. आमचं पाहून दुसऱ्या मंडळांनीही सुरू केलं. बाईंच्या वहीत पाहुण्यांची गर्दी मावेना. माझी मुलगी ईशा तेव्हा दहा वर्षांची होती. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची तिची सवय. तिने मला विचारलं, की ममा, बर्ड्स पोळी खातात का? मी तिला म्हटलं, सगळे खातात. घरातल्या एकमेव शास्त्रज्ञ वृत्तीच्या माणसाला मी असं गप्प केलं.

पोळ्या खाल्ल्या त्या भटक्या कुत्र्यांनी. पक्ष्यांनी खाल्ल्याच असतील तर त्या कावळ्यांनी आणि खाडीवरच्या कुरवांनी. त्यांना त्या कडेची चटक लागली. एप्रिल-मेमध्ये तिथेच, उघड्या जमिनीवर, शेकाट्या अंडी घालतो. लांब गुलाबी पायांचा, काळ्या-पांढऱ्या रंगाचा तो पक्षी किती जिवाच्या आकांताने ओरडतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

एका सकाळी अबू मिशारींनी बाईंना बोलावून घेतलं. त्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मी सोबत गेले होते. ते आम्हांला वाटेच्या कडेने घेऊन गेले. एकामागून एक घरटी, सगळी रिकामी, आजूबाजूला टरफलं आणि कुत्र्यांची पावलं. एका घरट्याशेजारी वाळलेल्या पोळीचा तुकडा होता. घरच्या ड्रायव्हरशी बोलतात तसल्या हिंदीत ते हळू आवाजात म्हणाले, "दक्तोरा, मेरा बंदूक इतना नहीं मारा, जितना तुम्हारा मेहमान मारा."

बाई खाली बसल्या. टरफलाचा एक तुकडा उचलून तळहातावर घेतला. मग उठून त्यांना म्हणाल्या, "सच बोला. गलती मेरा है." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि मला त्या क्षणी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

परतीच्या वाटेवर मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या डब्यापासून. म्हटलं, अहवालात मंडळाचं नाव घाला, हवं तर माझं घाला, पण तुमच्यावर येऊ देऊ नका. बाईंनी गाडी चालवता चालवता मला गप्प केलं. त्या म्हणाल्या, "अगं अनघा, अन्न टाकू नये हे माझ्याही आईनेच शिकवलंय. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मग सूचना लिहिताना हे मला सुचायला नको होतं? आपल्या माणसांना ओळखून सूचना लिहिणं हेच तर माझं काम."

त्या आठवड्यात त्यांनी पायवाट बंद केली. समिती बसायला तीन आठवडे उरले होते आणि पाहुण्यांची वही तिथेच थांबली. विभागातल्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. माणूस वाईट नव्हता, बाईंच्या काळजीनेच बोलत होता. योजना पर्यटनाची आहे, घरट्यांबद्दल कुणी विचारलेलं नाही, वहीतले आकडे उत्तम आहेत, तेवढेच द्या. खोटं काही बोलावं लागणार नाही. मलाही ते पटलं होतं, हे आज कबूल करते. बाईंच्या हवल्लीच्या घरी मी त्यांना तेच सांगायला गेले, तर त्या अहवालाची पक्की प्रत करत बसल्या होत्या. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की पाहुणे अपेक्षेपेक्षा जास्त आले, आणि त्यामुळेच यंदाची बहुतेक घरटी गेली. योजनेच्या आखणीतली ही चूक आखणी करणाऱ्याची आहे. मी म्हटलं, बाई, हे वाचून तुम्हांला घरी पाठवतील. त्या म्हणाल्या, "पाठवतील कदाचित." आणि मला चहा टाकायला सांगून पुढचं पान लिहायला लागल्या.

बाईंच्या मायेबद्दल इथेच लिहिते, कारण ती गोष्टही त्याच आठवड्यांतली. माझी आई रत्नागिरीला अत्यवस्थ झाली आणि मला तडकाफडकी निघावं लागलं. यजमानांची रिफायनरीत शटडाऊनची धावपळ. स्वतःची नोकरी टांगणीला लागलेली असताना बाई अकरा दिवस रोज हवल्लीहून अबू हलीफाला आल्या, माझ्या दोन्ही मुलांना सांभाळलं, त्यांचा अभ्यास घेतला. स्वयंपाक त्यांना अजिबात येत नाही, याला मुलं साक्षी आहेत. मी परत आले तेव्हा ईशा मला शुद्ध मराठीत म्हणाली, की बाईंची भेंडीची भाजी चिकट होती पण आम्ही संपवली. अन्न टाकायचं नाही म्हणून.

समितीच्या दिवशी मी रजा घेऊन विद्यापीठात गेले. बाईंनी अर्ज केला होता की निर्णयाआधी जहऱ्याच्या लोकांचं ऐकून घ्यावं, म्हणून अबू मिशारी आले होते, इस्त्रीच्या पायघोळ दिशदाशात, सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण अध्यक्षांनी पाहुण्यांपैकी कुणी आहे का असं विचारलं आणि मी उभी राहिले. इंग्रजीत सगळं सांगितलं. पुरी म्हणजे काय हे समजावताना माझी चांगलीच तारांबळ उडाली. एक सदस्य हसले, मग अध्यक्षही हसले, आणि मग मी पोळीच्या तुकड्याशेजारचं ते घरटं सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.

बाईंनी आणखी एक वर्ष मागितलं. पाहुणे वाढवण्यासाठी नव्हे, तर विणीच्या दिवसांत ते थांबवण्यासाठी. अध्यक्ष म्हणाले की लोकांना अडवणारी पर्यटन योजना आपण आजवर पाहिलेली नाही, आणि ती पुन्हा फसली तर? बाई म्हणाल्या, "तर तेही असंच लिहून देईन."

मग अबू मिशारी बोलले. अरबीत, जागेवर बसूनच. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण खोलीतली माणसं कशी कान देऊन ऐकत होती ते दिसत होतं. बाईंनी खाली मान घातली होती. बाहेर आल्यावर मी त्यांना अर्थ विचारला तर त्या काही सांगेनात. शेवटी त्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी सांगितला. अबू मिशारी म्हणाले होते, "माझं काय चुकतं ते सांगायला त्या पाण्यावर पुष्कळ लोक येऊन गेले. स्वतःचं काय चुकलं ते सांगायला आलेली ही पहिलीच. तिला राहू द्या. पाणी मी राखतो."

बाईंना वर्ष मिळालं. त्या संध्याकाळी आमच्या घरी मी नेहमीच्या अंदाजाने स्वयंपाक केला आणि त्या दिवशी मात्र काही उरलं नाही.

पुढचा वसंत ऋतू मी जन्मभर विसरणार नाही. जहऱ्याकडून आत वळणाऱ्या रस्त्यावर आमच्या मंडळाने एक पिंप ठेवलं आणि दर शुक्रवारी पाळीपाळीने माणसं बसवली. त्याला आम्ही चपाती-नाका म्हणायचो. येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचा, विणीचे दिवस आहेत म्हणून परत पाठवायचं आणि त्याच्या पिशवीतल्या पोळ्या उतरवून घ्यायच्या. पोळ्या अबू मिशारींच्या शेळ्यांकडे जायच्या, म्हणजे अन्नही वाया जात नव्हतं आणि कुणाचं पुण्यही. त्या गप्प बसलेल्या इंजिनिअर गृहस्थांना नाक्यावर अंगात आल्यासारखा उत्साह येई. एकदा तर त्यांनी आपल्याच साहेबांना वाटेवरून परत पाठवलं.

आणि मेमध्ये पिल्लं निघाली. एवढीशी कापसाची बोंडं आणि त्यांना न पेलणारे लांब पाय. अबू मिशारींच्या दुर्बिणीतून मी ती पाहिली. बाई शेजारी उभ्या राहून मोजत होत्या, पण मोजता मोजता मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या की पुढचं तू मोज. त्यांचे डोळे भरले होते. मीही काही नीट मोजलं नाही. दोघींचा आकडा शेवटी उम मिशारींच्या आकड्याशी ताडून घ्यावा लागला.

त्यानंतर बाईंचं नाव कुठवर गेलं हे या ग्रंथातले इतर लेख सांगतीलच. त्यांचे विद्यार्थी आज किती तरी किनाऱ्यांवर आणि रानांत काम करतात. बाईंचं एक व्याख्यान इथल्या सभागृहात झालं तेव्हा मी पाठीमागे बसून ऐकलं होतं. परदेशी पाहुणे आले होते. सगळ्यांना वाटलं पडद्यावर रोहितांचा थवा येईल. बाईंनी पहिलं चित्र दाखवलं ते फुटलेल्या टरफलांचं, आणि दहा मिनिटं फक्त स्वतःच्या चुकीबद्दल बोलल्या. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी इतक्या जोरात वाजवत होते की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. त्या पुऱ्या मीच केल्या होत्या, असं त्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं मला वाटत होतं.

ज्या बाईंची नोकरी आलेल्या माणसांच्या मोजदादीवर अवलंबून होती, त्यांनी माणसांना परत फिरायला शिकवलं. आणि त्यांच्यावरच्या लोभापायी आम्ही फिरलोही, कुरकुर न करता, उन्हात, मुलाबाळांसकट.

बाई, तुम्हांला उदंड आयुष्य आणि धडधाकट पाय लाभोत, आणि वहीत मान घालून लिहायला पुढची चाळीस वर्षं चष्म्याचा नंबर वाढू नये. दर वसंतात तुम्ही त्या रस्त्याच्या वळणावर उभ्या असाव्यात. आम्ही लांबून गाडी घेऊन यावं, तुम्ही हात वर करून सांगावं की आज नको, आणि आम्ही आनंदाने गाडी वळवावी.